माझ्याकडे गोल्ड कार्ड, आईचं तिकीट वेगळं: तिला त्यातलं काय मिळेल?

पुणेकरीण_औंध:

नमस्कार मंडळी. विमानप्रवासातल्या जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करते. कामानिमित्त जर्मनीला सतत जाणं-येणं असतं, त्यामुळे लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअर या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेत सिनेटर ही वरची पायरी मिळाली आहे, म्हणजे कार्डावर स्टार अलायन्स गोल्ड छापलेलं आहे (स्टार अलायन्स म्हणजे लुफ्तान्सा, युनायटेड, एअर इंडिया अशा विमान कंपन्यांचा गट). पुढच्या महिन्यात शिकागोला मीटिंग आहे. मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो, दोन्ही विमानं लुफ्तान्साची, तिकीट कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने काढलंय.

माझा दादा शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. वहिनीचं बाळंतपण जवळ आलंय आणि आई त्यासाठी जाणार आहे. माझी तारीख ठरल्याबरोबर दादाने त्याच्या युनायटेडच्या माइल्सवर आईचं तिकीट काढलं, जाताना अगदी माझ्याच दोन विमानांत. येताना मात्र ती पाच महिन्यांनी, एकटी येईल.

आई ६९ वर्षांची आहे. गुडघे फार दुखतात. देशाबाहेर पहिल्यांदाच चालली आहे. इंग्रजी वाचते, पण अनोळखी माणसाशी बोलायला बिचकते. तिचं म्हणणं एवढंच की "मला तुझ्या शेजारी बसव, बाकी मला काही नको." मला मात्र वाटतं की इतकी वर्षं रात्री-बेरात्री विमानतळांवर काढून हे कार्ड मिळालंय, तर त्याचा उपयोग तिला झालाच पाहिजे. नाहीतर त्या कार्डाचं मी काय करू?

आमचे पीएनआर दोन. तिकीट काढणाऱ्या कंपन्यासुद्धा दोन. लाउंज, वेगळी रांग, शेजारची सीट, जादा बॅग, यातलं आईला काय मिळेल? आणि दोन बुकिंग एकत्र करता येतात का? ट्रॅव्हल डेस्कच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नातेवाइकांचं तिकीट आमच्या हातात नाही."

नाशिककर_७:

एकाच पीएनआरवर असाल तरच फायदे मिळतात. वेगळ्या बुकिंगवर काहीही मिळत नाही. शक्य असेल तर आईंचं तिकीट रद्द करून तुमच्यासोबत नव्याने काढा.

दादरचा_तिकीटवाला:

ताई, तिकीट अजिबात रद्द करू नका. नाशिककरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आयुष्यभर याच धंद्यात आहे, त्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांची तिकिटं सगळ्यात जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्डाचे फायदे दोन ठिकाणी असतात. काही तुमच्या हातातल्या बोर्डिंग पासवर असतात, तुम्ही समोर उभ्या राहिलात की मिळतात. तिथे आईला सोबत नेता येतं. बाकीचे पीएनआरच्या आत असतात, ते संगणक वाचतो, आणि दोन वेगळ्या पीएनआरमधल्या बायका मायलेकी आहेत हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या प्रकारातलं सगळ्यात मोठं म्हणजे लाउंज. स्टार गोल्डला स्वतःसोबत एक पाहुणा नेता येतो. पाहुणा स्टार अलायन्सच्या विमानाने जाणारा हवा आणि तो तुमच्याबरोबर आत शिरला पाहिजे. एकाच पीएनआरवर असण्याची अट नाही. तुम्ही दोघी एकाच विमानात आहात, म्हणजे प्रश्नच मिटला. दोघींचे बोर्डिंग पास दाखवायचे. मुंबईतही चालेल आणि फ्रँकफर्टला सिनेटर लाउंजमध्येही. आईला पुढे पाठवून "मी मागून येते" असं मात्र करू नका, ती एकटी दाराशी गेली तर आत घेणार नाहीत.

चेक-इनच्या वेगळ्या रांगेचा हक्क नियमाने फक्त तुमचा. पण तुम्ही आईचा हात धरून त्या काउंटरवर गेलात, तर "आजींनी पलीकडच्या रांगेत जावं" असं सहसा कुणी म्हणत नाही. दोन्ही पासपोर्ट आणि दोन्ही तिकिटं एकदमच पुढे करा. मुंबईत टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचा जवान प्रत्येकाचं तिकीट बघतो, तेव्हा आईच्या तिकिटाची छापील प्रत तिच्याच पर्समध्ये असू द्या.

आता दुसरा प्रकार. दोन पीएनआर एकत्र होत नाहीत. एकाचे दोन करता येतात, दोनाचा एक करता येत नाही. त्यात तुमच्या तिकिटाचा क्रमांक २२० ने सुरू होणारा असेल, म्हणजे लुफ्तान्साचा, आणि आईच्या तिकिटाचा ०१६ ने, म्हणजे युनायटेडचा. पण दोन्हींमध्ये एकमेकांची नोंद टाकता येते. आम्ही तिला टीसीपी म्हणतो, पीएनआरमध्ये ओएसआय म्हणून एक ओळ जाते: या प्रवाशासोबत अमुक पीएनआरमधला प्रवासी आहे. तुमच्या ट्रॅव्हल डेस्कच्या मुलाला आईच्या तिकिटाला हात लावता येणार नाही हे खरं, पण तुमच्या पीएनआरमध्ये ही ओळ टाकणं पूर्णपणे त्याच्या हातात आहे आणि त्याला पैसा पडत नाही. त्याला याच शब्दांत सांगा. आईच्या पीएनआरमध्ये टाकायला लुफ्तान्साच्या कॉल सेंटरला फोन करा.

आणि हे करताना एक गोष्ट नव्वद टक्के लोकांना ठाऊक नसते. दादाने तुम्हाला पाठवलेला सहा अक्षरांचा कोड हा युनायटेडचा आहे. लुफ्तान्साची यंत्रणा वेगळी (ते अमेडियस वापरतात, युनायटेडची शेअर्स म्हणून निराळी आहे), त्यामुळे त्याच बुकिंगचा लुफ्तान्साकडे दुसरा कोड असतो. दादाला म्हणावं, युनायटेडच्या ॲपमध्ये बघ किंवा फोन करून लुफ्तान्साचा कोड माग. तो मिळाला की लुफ्तान्साच्या संकेतस्थळावर आईचं बुकिंग उघडेल, सीटही तिथेच दिसेल. चुकीचा कोड घेऊन फोन केलात तर "असं बुकिंगच नाही" असं उत्तर येईल आणि घरात उगाच घबराट होईल.

सीटचं सांगतो. तुमची सीट आधी घेऊ नका. आधी आईची सोयीची सीट बघा, मधल्या वाटेच्या कडेची, टॉयलेटच्या फार जवळ नको आणि फार लांबही नको. तिचे पैसे लागत असतील तर भरून टाका. मग स्वतःची सीट तिच्या शेजारी घ्या. तुम्हाला कार्डामुळे निवड मोकळी आहे, तिला नाही, म्हणून क्रम हाच ठेवायचा. नंतर दर आठवड्याला एकदा दोन्ही बुकिंग उघडून बघा. विमानाचा प्रकार बदलला की यंत्रणा सीटा पुन्हा वाटते, आणि तेव्हा एका पीएनआरमधल्या लोकांना एकत्र ठेवायचा प्रयत्न करते. दोन पीएनआर असले की तो प्रयत्नही होत नाही.

एक हात जोडून विनंती: आईच्या बुकिंगमध्ये तुमचा सिनेटरचा क्रमांक टाकू नका. "टाकून बघू, मिळालं तर मिळालं" म्हणून लोक टाकतात. नाव जुळत नाही, फायदा शून्य, आणि काउंटरवर गोंधळ.

सान_होजेकर:

तिकीटवाले काका, फार उपयोगी लिहिलंत.

अमेरिकेतल्या कंपन्यांचं थोडं सांगते. युनायटेडमध्ये इकॉनॉमी प्लसची, म्हणजे पाय पसरायला जास्त जागा असलेली सीट सोबत्याला मिळते ती एकाच बुकिंगवर असेल तरच. त्यांच्या कार्डाच्या पायऱ्यांत प्रीमियर गोल्डला एक सोबती, त्यावरच्या प्लॅटिनम आणि वनके यांना आठपर्यंत. डेल्टा आणि अमेरिकनमध्ये मोफत अपग्रेडसाठी वेगळ्या बुकिंगवरचा एक सोबती चालतो, पण फोन करून दोन्ही बुकिंग जोडून घ्यावी लागतात. म्हणजे "वेगळं बुकिंग म्हणजे काहीच नाही" हे सरसकट खरं नाही.

आणि पुणेकरीणताई, तुमच्या दादाकडे युनायटेडचं कार्ड कितीही वरचं असलं तरी तो स्वतः विमानात नाही, त्यामुळे त्याचे प्रवासातले फायदे आईंच्या तिकिटाला येत नाहीत. माइल्स त्याचे आहेत एवढंच. आमच्याकडे हा गैरसमज खूप आहे.

आणखी एक, इथे भावा-बहिणींकडे येणाऱ्यांना कामाला येईल. माझ्याकडे युनायटेडचं प्रीमियर गोल्ड आहे, तेही स्टार गोल्डच. तरी अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवास करताना त्या कार्डावर मला युनायटेड क्लबमध्ये, म्हणजे त्यांच्या लाउंजमध्ये, प्रवेश नाही, त्यांच्या स्वतःच्या सभासदांसाठी तसा नियम आहे. माझ्या मुंबईच्या बहिणीकडे एअर इंडियाच्या महाराजा क्लबचं गोल्ड आहे. आम्ही दोघी सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोला गेलो, तिकिटं वेगवेगळी. तिला तिच्या कार्डावर प्रवेश मिळाला आणि मी तिची पाहुणी म्हणून आत गेले. म्हणून भारतातून कुणी गोल्डवालं येत असेल तर त्याचं कार्ड आपल्या कार्डापेक्षा इथे जास्त चालतं, हे लक्षात ठेवा.

पुणेकरीण_औंध:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. लाउंजचं ऐकून खूप हायसं वाटलं. फ्रँकफर्टला मधे चार तास आहेत आणि आईला पाय वर करून बसायला जागा मिळणं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं.

दोन गोष्टी अजून विचारते. एक, काही बिघडलं तर? फ्रँकफर्टचं पुढचं विमान रद्द झालं आणि मला एका विमानात आणि आईला दुसऱ्यात टाकलं तर? मला याचीच खरी धास्ती आहे. दुसरं, बॅगांचं. आईने बाळंतविडा तयार केलाय, वहिनीसाठी डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, बाळंतशेपा, शतावरी, भाजणी, शिवाय दुपटी आणि झबली. दोन बॅगांत मावणार नाही. माझी जादा बॅग तिला देता येईल का?

दादरचा_तिकीटवाला:

धास्ती रास्त आहे, म्हणून तिचं आधी.

माझ्या एका ग्राहक बाईंचं असंच झालं होतं. लेक गोल्डवाली, आईचं तिकीट वेगळं, काढलेलं दुसऱ्या एजंटकडून, जोडणीची नोंद कुणी टाकली नव्हती. मधल्या विमानतळावर पुढचं विमान रद्द झालं. यंत्रणेने कार्ड बघून लेकीला संध्याकाळच्या विमानात बसवलं आणि आईला दुसऱ्या दिवशी सकाळच्या. गोल्डवाल्याचं नाव प्रतीक्षा यादीत वर जातं, हा कार्डाचा फायदाच आहे, पण इथे त्याच फायद्याने मायलेकींची ताटातूट केली. लेकीने शांतपणे काउंटरवर जाऊन सांगितलं, "माझी जागा सोडा, आम्हा दोघींना सकाळच्याच विमानात एकत्र बसवा." दोघी सकाळी गेल्या. तुम्हीही मनाशी हेच ठरवून ठेवा. ॲपवर नवीन विमान दिसलं की घाईने "स्वीकार" दाबायचं नाही. आधी आईच्या बुकिंगमध्ये काय दिसतंय ते बघायचं, मग दोन्ही बोर्डिंग पास घेऊन माणसासमोर जायचं. आई यादीत वर जाऊ शकत नसेल तर तुम्ही खाली येऊ शकता, ते तुमच्या हातात असतं.

प्रवास सुरू व्हायच्या आधी वेळापत्रक बदललं तर आईच्या तिकिटासाठी दादाने युनायटेडला फोन करायचा, कारण तिकीट त्यांचं. प्रवासाच्या दिवशी, विमानतळावर, लुफ्तान्साकडे जायचं, कारण विमान त्यांचं. हा फरक दादालाही आजच सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता दोघं दोन ठिकाणी फोन लावत बसाल.

आणि भरपाईचा हक्क कार्डावर अवलंबून नसतो. युरोपचा २६१/२००४ हा नियम युरोपीय कंपनीच्या मुंबईहून निघालेल्या विमानालाही लागू होतो, आणि माइल्सवर काढलेल्या तिकिटालाही. जेवण, हॉटेल, दुसरं विमान हे आईला तिच्या स्वतःच्या हक्काने मिळतं. कंपनीच्या चुकीने विमान रद्द झालं तर एवढ्या लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई आहे. तिचा दावा तिच्या नावाने वेगळा करायचा.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ती. व्हीलचेअर. गुडघे दुखतात म्हणालात, म्हणजे आईला तिची खरी गरज आहे. तुमच्या गोल्ड कार्डापेक्षा ही नोंद तिच्या जास्त कामाची आहे, आणि ती तिच्याच पीएनआरमध्ये जाते. तीन प्रकार असतात: विमानापर्यंतचं लांब अंतर चालवत नाही पण जिने चढता येतात तो डब्ल्यूसीएचआर, जिनेही चढता येत नाहीत तो डब्ल्यूसीएचएस, आणि सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं तो डब्ल्यूसीएचसी. आईला कोणता लागतो ते तिलाच विचारून नीट सांगा. युरोपात ही मदत मोफत देणं कायद्याने बंधनकारक आहे, फक्त किमान ४८ तास आधी कळवायचं.

याचा फायदा असा की सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन, विमानात चढणं, सगळीकडे मदतनीस तिला पुढे नेतो आणि सोबतच्या एका माणसाला सहसा बरोबर येऊ देतात. तिथे कुणी पीएनआर विचारत नाही. विमानात व्हीलचेअरवाल्यांना आधी सोडतात, तुमच्या गोल्डच्याही आधी. फ्रँकफर्टला मदतनीस विमानाच्या दाराशी येईल. त्याला लगेच सांगा की आम्हाला सिनेटर लाउंजमध्ये सोड आणि अमुक वाजता न्यायला ये. नाहीतर तो आईला त्यांच्या स्वतःच्या प्रतीक्षा कक्षात नेऊन बसवेल आणि तुम्ही शोधत फिराल. भारतातून आलेल्या प्रवाशांची तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी होते, त्यात वेळ जातो, म्हणून चार तास वाटतात तेवढे मोठे नाहीत. दीड-दोन तास निवांत मिळाले तरी पुष्कळ.

आता बॅगा. गोल्डची जादा बॅग तुमच्या तिकिटावरच येते, ती आईच्या नावावर करता येत नाही. पण करायची गरजही नाही. आधी दोघींच्या ई-तिकिटांवर बघा, १ पीसी लिहिलंय की २ पीसी (पीसी म्हणजे बॅगांचे नग). तुमच्या संख्येत एक मिळवा, कारण अमेरिकेच्या मार्गावर हिशेब नगांचा असतो. जिथे वजनाचा हिशेब असतो तिथे गोल्डला २० किलो जादा मिळतात, ते इथे लागू नाही. प्रत्येक बॅग २३ किलोच्या आत हवी. "दोघींचं मिळून वजन धरा" हे इथे चालत नाही, प्रत्येक बॅग वेगळी मोजतात. तुमची कामाची बॅग एक, उरलेल्यांत आईचं सामान भरा आणि तुमच्या नावाने सोडा.

फक्त एक पथ्य. ज्या बॅगेला तुमच्या नावाची पट्टी, तिच्यातल्या वस्तूंची जबाबदारी तुमची. शिकागोला कस्टमवाल्याने विचारलं तर तुम्हाला आत काय आहे हे सांगता आलं पाहिजे. म्हणून ती बॅग आईने भरली तरी तुम्ही समोर बसा. खायचं आहे हे स्वतःहून सांगायचं, लपवायचं नाही. लाडू, भाजणी, बाळंतशेपा यांची नावं इंग्रजीत एका कागदावर लिहून ठेवा. ताजा कढीपत्ता आणि फळं अजिबात नकोत, जप्त होतात. शतावरी, भाजणी असल्या पुड्या हातातल्या सामानात ठेवू नका, अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीहून जास्त पूड असली तर अडवतात. लोणचं आणि तेल फ्रँकफर्टच्या तपासणीत काढून घेतील, म्हणून तेही खालच्या बॅगेत.

सान_होजेकर:

कागदाची कल्पना फार चांगली. माझ्या सासूबाईंनी आळीव असाच आणला होता, अधिकाऱ्याला बी दिसलं आणि प्रश्न सुरू झाले. लाडू करून आणलेले केव्हाही बरे. शिकागोला इमिग्रेशनच्या खिडकीवर आईंसोबतच जा, "मदर, फर्स्ट टाइम" एवढं सांगितलं तरी पुरतं. दादाचा पत्ता आणि फोन मात्र आईंच्या पर्समध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, तुमच्या फोनमध्ये नको.

पुणेकरीण_औंध:

आज सगळे फोन झाले, म्हणून इथे नोंदवून ठेवते, पुढे कुणाला लागेल.

दादाने युनायटेडकडून लुफ्तान्साचा कोड काढला. काका म्हणाले तसंच, तो अगदी वेगळा निघाला. त्या कोडने आईचं बुकिंग लगेच उघडलं. लुफ्तान्साच्या बाईंनी आईच्या पीएनआरमध्ये माझा कोड टाकला आणि डब्ल्यूसीएचएसची नोंदही तिथेच केली. आई आधी नको म्हणत होती, "मला काय झालंय?" मग मी तिला फ्रँकफर्टच्या चालण्याचं अंतर सांगितलं, तेव्हा तयार झाली. ट्रॅव्हल डेस्कच्या मुलाने "टीसीपी टाकायचंय" एवढं ऐकल्यावर पाच मिनिटांत ओळ टाकून मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. सीटा शेजारी-शेजारी मिळाल्या आहेत, आईला मधल्या वाटेच्या कडेची. माझ्या तिकिटावर २ पीसी आहे, म्हणजे माझ्या तीन बॅगा, त्यातल्या दोन आईच्या.

आता एकच राहिलं. परत येताना ती एकटी आहे. तेव्हा माझं कार्ड नाही. तिच्यासाठी आत्ताच काय करून ठेवू?

दादरचा_तिकीटवाला:

छान काम केलंत.

व्हीलचेअरची नोंद प्रत्येक विमानासाठी वेगळी असते. आज बाईंनी जाण्याच्या दोन्ही विमानांवर केली असेल, परतीच्या दोन्हींवर आहे का हे बुकिंग उघडून बघा. नसेल तर दादाला सांगा, निघायच्या आठवडाभर आधी करून घे आणि दोन दिवस आधी पुन्हा खात्री कर. लाउंज तिला एकटीला मिळणार नाही, पण मदतनीस तिला त्यांच्या कक्षात बसवून वेळेवर विमानात नेतो, ती तिथे एकटी राहत नाही. बॅगांचं तिला जातानाच सांगा: जाताना तुमच्या मिळून जेवढ्या गेल्या तेवढ्या येताना येणार नाहीत, तिच्या ई-तिकिटावर आहेत तेवढ्याच. दादा-वहिनी निघताना हौसेने भेटवस्तू भरतात आणि वजनाच्या काट्यावर बॅग उघडायची वेळ येते. दोन बॅगा तिथेच रिकाम्या सोडायच्या असं आत्ताच ठरवा, आणि त्यासाठी घरातल्या जुन्या बॅगा वापरा.

मुंबईला उतरल्यावर मदतनीस तिला बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडेल. घ्यायला येणाऱ्याचा फोन नंबर तिच्या बोर्डिंग पासच्या मागे लिहून द्यायला दादाला सांगा, मदतनीस तोच नंबर लावतो.